सेकंडहँड गाडीचे टायर बदलताय? साइज जुन्या टायरवरून उतरवून घेऊ नका

टायरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "साइज काय?" आणि बहुतेक जण वाकून गाडीला लागलेल्या टायरवरचा आकडा वाचून दाखवतात. गाडी शोरूममधून तुम्हीच काढली असेल तर ठीक. सेकंडहँड गाडीला आज जे टायर आहेत ते कंपनीचे, आधीच्या मालकाच्या हौसेचे, की विकण्याआधी एजंटनं स्वस्तात मिळाले म्हणून चढवलेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आधीच्यानं चुकीचा साइज टाकला असेल तर तुम्ही पैसे मोजून तोच पुन्हा घेता.

कंपनीचा साइज गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, मधल्या खांबावर खालच्या बाजूला हवेच्या प्रेशरचं स्टिकर दिसेल. धुळीनं माखलेलं असतं, ओल्या फडक्यानं पुसा. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असतं. तेही निघालं असेल तर मॅन्युअल पाहा. स्टिकरवर एकाहून जास्त साइज असू शकतात, कारण व्हेरिअंटप्रमाणे रिम बदलते. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

"टॉप मॉडेलचा साइज टाका, बसतो"

मारुती डिझायर घ्या. जुन्या बाजारात ती पैशाला पासरी. खालच्या व्हेरिअंटना बरीच वर्षं १६५/८० आर१४ टायर येत होते, वरच्या व्हेरिअंटला १८५/६५ आर१५. खालचं मॉडेल घेतलेल्याला रुंद टायर हवा असतो. कुणीतरी सांगतं, "टॉपला १८५/६५ येतो, तोच टाक." गाडीची रिम १४ इंची, म्हणून दुकानदार १८५/६५ आर१४ काढतो. टायर मस्त बसतो. गाडी मात्र बसकी होते.

कारण मधला आकडा मिलिमीटर नाही, टक्के आहे. १६५/८० म्हणजे टायर १६५ मिमी रुंद आणि रिमपासून वरच्या रबराची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. वर आणि खाली मिळून २६४. त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले (इंच गुणिले २५.४) की चाकाची पूर्ण उंची ६१९.६ मिमी. टॉप मॉडेलचा १८५/६५ आर१५ याच हिशोबानं ६२१.५ भरतो. रिम वाढली तेवढा टायर बुटका केला, उंची जवळपास तीच ठेवली. आता १८५/६५ आर१४ करून पाहा: ५९६. जवळजवळ चार टक्के कमी. गाडी १२ मिमी खाली आली, म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा तो उंच स्पीडब्रेकर आता पोटाला लागणार.

१४ इंची रिमवरच रुंद टायर हवा असेल, तर १८५/७० आर१४ हा त्यातल्या त्यात समजूतदार पर्याय. उंची ६१४.६, फरक एका टक्क्याच्याही आत. तरी पाच-दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये जाणवणाऱ्या ग्रिपसाठी स्टिअरिंग जड करून घ्यावं का, याचा विचार करा. माझं मत विचाराल तर शहरात चालणाऱ्या गाडीला कंपनीचा साइजच बरा. बदलायचाच तर पूर्ण उंचीतला फरक दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका.

रुंदी वाढवताना रिमची रुंदीही पाहा. ती रिमवर ५जे, ५.५जे, ६जे अशी कोरलेली असते. ५जे म्हणजे पाच इंच रुंद रिमवर २०५ चा टायर मशीननं चढतो, पण बाजूनं फुगलेला राहतो आणि वळणावर डोलतो.

साइज चुकलाय, हे घरी कसं ओळखाल?

सरळ, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याला मोबाइलवर जीपीएसचा वेग बघायला सांगा. कंपनीच्या साइजवर गाडीचा मीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. मोबाइल मीटरच्या बरोबरीला किंवा पुढे गेला, तर टायर मोठा असल्याची शंका घ्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे. मीटर ९९ दाखवतोय म्हणून तुम्ही निवांत, आणि कॅमेऱ्याच्या हिशोबात तुम्ही वर.

ॲव्हरेजची गंमत तर औरच. टायर छोटा असला की किलोमीटर जास्त पडतात. ५९६ वाल्या डिझायरचा मीटर १०,००० दाखवेल तेव्हा गाडी खरी ९,६०० च्या आसपासच पळालेली असते, आणि मालक "ॲव्हरेज वाढलं" म्हणून खूश. उलट १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६५ आर१५ टाकला की चाक दोन टक्के मोठं होतं, मीटरवर किलोमीटर कमी पडतात, आणि इंजिनात काहीही न बिघडता ॲव्हरेज घसरल्यासारखं दिसतं. इंजेक्टर साफ करायला पैसे घालवण्याआधी टायरवरचा आकडा वाचा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना खर्रर आवाज येत असेल, तर पुढच्या मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर टॉर्च मारा. टायर घासत असेल तर त्या मळक्या काळ्या प्लॅस्टिकवर एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसतो. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असतानाच आवाज येत असेल, तर मागची चाकंही पाहा.

एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागत असेल तर सेन्सर बदलण्याआधी चारही टायरचे आकडे जुळतात का बघा. सेन्सरवरून येणाऱ्या चाकांच्या वेगांची एबीएस तुलना करतं, त्यामुळे एक चाक वेगळ्या उंचीचं असलं तर त्याचा गोंधळ होऊ शकतो. एका टायरचं पंक्चर झाल्यावर हाताला लागला तो टायर टाकून गाडी विकलेली असते, हे नेहमीचं.

दुकानात

साइजपुढचे आकडे कुणी वाचत नाही. १६५/८० आर१४ ८५टी मधला ८५ म्हणजे एका टायरची ५१५ किलो पेलण्याची क्षमता, आणि टी म्हणजे ताशी १९० किमीची मर्यादा. ८८ म्हणजे ५६०, ८२ म्हणजे ४७५. हा आकडा कंपनीच्यापेक्षा कमी चालत नाही, सात सीटच्या गाडीला तर अजिबात नाही.

तारीखही बघा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर "फ्रेश स्टॉक" म्हणून पुढे आला तर भाव पाडून मागा, नाहीतर परत करा. बाजूवर लिहिलेलं कमाल प्रेशर रोज भरायचं नसतं, भरायचं ते दरवाजावरच्या स्टिकरवरचं.

दोनच टायर घ्यायचे असतील तर दुकानदार ते पुढे टाकायला सांगेल. मागे टाकून घ्या. पावसात मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणं नवख्याच्या हाती राहत नाही. पुढचे मात्र गोटा झालेले नकोत. खाचांमधल्या खुणेच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत नक्षी झिजली असेल तर चारही बदला.

स्टेपनी काढून बघायला विसरू नका. चार चाकांचे टायर आणि रिम बदलून स्टेपनी जुनीच ठेवलेली सापडते. बाहेरून लावलेल्या अलॉयचे नट वेगळे असतात आणि ते स्टेपनीच्या लोखंडी रिमला नीट बसतीलच असं नाही. म्हणून दुकानातच एकदा स्टेपनी चढवून पाहा, मूळ नट डिकीत ठेवा, आणि नवे टायर लावल्यावर ५०-१०० किमी चालवून सगळे नट पुन्हा आवळून घ्या.