पहिला महिना हीलर म्हणून काढा: एमएमओआरपीजीत नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

भाच्यानं विचारलं, "मावशी, सगळ्यात भारी एमएमओ कुठला गं?" (एमएमओ किंवा एमएमओआरपीजी म्हणजे हजारो माणसं एकाच जगात आपापलं पात्र घेऊन खेळतात तो ऑनलाइन खेळ.) मी उलट विचारलं, "आठवड्याला किती तास बसणार? आणि एका बैठकीत किती?" त्याला वाटलं मी टाळतेय. पण या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय खेळ निवडताच येत नाही. सलग तासभर मिळणार नसेल, तर डन्जनच्या, म्हणजे पाच जणांनी मिळून पार करायच्या मोहिमेच्या, वाटेला जाऊ नका. अर्ध्यातून उठलात की चार अनोळखी माणसं तुमच्या नावानं खडे फोडत बसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तेव्हा आधी कागदावर तास लिहा, मग खेळ शोधा.

तास कमी आणि बेभरवशाचे असतील तर माझं मत गिल्ड वॉर्स टू. २०१२ मध्ये आला तेव्हा सर्वोच्च लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. सहा महिने गायब राहून परत आलात तरी जुनं चिलखत चालतं. वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्या भागात गेला की खेळ त्याची ताकद आपोआप उतरवतो, त्यामुळे जुन्या मैत्रिणीबरोबर पहिल्याच दिवशी हिंडता येतं. मासिक वर्गणी नाही.

गोष्टीची आवड असेल तर फायनल फँटसी चौदा. २०१० मध्ये हा खेळ असा काही आपटला की बनवणाऱ्यांनी २०१२ मध्ये तो चक्क बंद केला आणि २०१३ मध्ये नव्यानं बांधून आणला. त्याची फुकट ट्रायल लेव्हल ७० पर्यंत चालते आणि तिला दिवसांची मुदत नाही. मात्र ट्रायलवाल्याला स्वतः पार्टी (सोबत लढणाऱ्यांची टोळी) काढता येत नाही, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या मंडळात) जाता येत नाही, बाजारात काही विकता येत नाही आणि खिशात ३ लाख गिलपेक्षा (गिल हे तिथलं चलन) जास्त ठेवता येत नाहीत. नव्या माणसाला यातलं फारसं काही टोचत नाही. टोचतील ते संवाद. ढीगभर वाचावं लागतं. वाचायचा कंटाळा असेल तर तिकडे फिरकू नका.

ईव्ह ऑनलाइनबद्दल सगळे कौतुकानं बोलतात, खेळतात मोजके. २००३ पासून चालू आहे. तुम्ही झोपलेले असतानाही पात्राचं शिक्षण चालूच राहतं, ही त्यातली मजा. जानेवारी २०१४ मध्ये खेळाडूंच्या एका आघाडीकडून एका ताऱ्याच्या ताब्याचं बिल चुकलं, ताबा सुटला, आणि त्यावरून पेटलेल्या लढाईत ७५ टायटन जहाजं भस्मसात झाली. जहाज फुटलं की कायमचं गेलं. म्हणून तिथला पहिला नियम: जे गमावणं परवडणार नाही, ते उडवायचं नाही. आपला स्वभाव रडका असेल तर लांबूनच नमस्कार करा. माझा आहे.

मी स्वतः वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची. आताच्या खेळात २० लेव्हलपर्यंत फुकट हिंडता येतं, क्लासिकला, म्हणजे त्याच खेळाच्या जुन्या रूपाला, मात्र वर्गणी पहिल्या दिवसापासून. पहिल्यांदा मी हंटर घेतला होता. शेजारी एक पाळीव अस्वल, कोणाची गरज नाही, एकटीच मजेत. तीन आठवड्यांत कंटाळून सोडलं. हजारो माणसं असलेल्या जगात मी अस्वलाशिवाय कोणालाच ओळखत नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक उघडलं तेव्हा ड्वार्फ प्रीस्ट घेतला, म्हणजे बुटका पुजारी, सोबत्यांना बरं करणारा, पोटापर्यंत दाढी असलेला. तो पाच वर्षं टिकला.

म्हणूनच सांगते, पहिला महिना हीलर व्हा. पाच जणांच्या पार्टीत एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि तीन मारणारे लागतात. मारणारे पैशाला पासरी मिळतात. हीलर मिळत नाही, त्यामुळे तुम्हाला लोक शोधत येतात. टँकही मिळत नाही, पण टँकला रस्ता माहीत असावा लागतो. हीलरला फक्त सोबत्यांचा जीव दाखवणाऱ्या चार हिरव्या पट्ट्यांकडे बघत राहायचं असतं, आणि स्वतःच्या पाचव्या. पाचवी विसरणं ही सगळ्यांची पहिली चूक.

माझं पहिलं डन्जन डेडमाइन्स. खाणीत शिरायचं, डाकू मारत मारत आत जायचं, शेवटी गुहेत लपवलेलं आख्खं जहाज. सुरुवात होताच मी शहाणपणा केला. टँक पुढे निघाला तसं त्याच्यावर शील्ड टाकलं. वाटलं, वा, किती दक्ष आपण! टँक वॉरियर होता. थोड्या वेळानं त्यानं लिहिलं, "शील्ड नको, रेज मिळत नाही." मला कळेना. गंमत अशी की क्लासिकमधल्या वॉरियरला रेज, म्हणजे त्याचं इंधन, मार देऊन आणि खाऊन मिळते आणि त्या रेजवरच त्याचे सगळे डाव चालतात. शील्डनं मार शोषला की त्याचे हात रिकामे. शत्रू त्याच्यावर टिकत नाहीत, आणि बिचाऱ्याचा जीव वाचवायला म्हणून टाकलेल्या शील्डपायीच सगळे माझ्या दाढीला येऊन लोंबकळतात. शील्ड टाकायचं ते अगदी जिवावर बेतलं तरच, नाहीतर स्वतःवर.

पहिला राक्षस पडला. माझा मना, म्हणजे मंत्रांचं इंधन, संपलेला आणि तो पाण्यानं भरतो, म्हणून मी सगळ्यांच्या मागे बसून पाणी प्यायला लागले. इथं आणखी एक खोच आहे जी मला कोणी सांगितली नव्हती: तो राक्षस मेला की मागच्या बाजूनं नवी गस्त येते. आणि मागे कोण बसलं आहे? मी घाबरून उठले आणि बाहेरच्या दिशेनं पळाले. हीलर पळाला, टँकला शत्रू गाठता येईनात, बाकीचे आपापल्या परीनं धावले, आणि अर्ध्या मिनिटात पाचही जण आडवे. आमची वाइप, म्हणजे सगळ्यांचं एकदम मरणं, माझ्या पाणी पिण्यातून झाली.

त्या दिवशी शिकलेलं सगळं अजून चालतं. अंगावर काही आलं तर टँकपासून दूर पळायचं नाही, टँककडेच पळायचं, म्हणजे तो ते तुमच्यावरून ओढून घेतो. प्रीस्टकडे शत्रूचं लक्ष आपल्यावरून हटवणारं फेड असतं, ते त्याच क्षणी दाबायचं. टँकनं शत्रू ओढल्याबरोबर हील टाकायचं नाही, त्याचे दोन घाव बसू द्यायचे, कारण हीलचाही राग शत्रूला येतो. पाणी प्यायला पार्टीच्या मधोमध बसायचं. आणि पाणी संपेपर्यंत टँकनं थांबावं यासाठी चॅटमध्ये 'मना' एवढं लिहायला लाजायचं नाही. मी लाजायचे, दोनदा लाजले आणि दोनदा सगळे मेलो.

मनाचं गणितही एकदा समजून घ्या. क्लासिकमध्ये मंत्र टाकला की पुढचे ५ सेकंद स्पिरिट या गुणामुळे भरणारा मना थांबतो. म्हणजे दर दोन सेकंदांनी एकेक छोटं हील टाकत राहिलात तर टाकी कधीच भरणार नाही. जखम थोडी साचू द्या, मग एक मोठं टाका, मग हात काढून घ्या. हात काढून घेणं हे सगळ्यात अवघड. समोर पट्टी उतरत असते आणि बोट शिवशिवत असतं. त्याच मंत्राची जुनी, खालच्या रँकची आवृत्ती बटणांच्या बारवर ठेवलीत तर किरकोळ खरचटण्यावर मोठा मना जळत नाही.

लुटीबद्दल थोडक्यात. वस्तू पडली की नीड आणि ग्रीड असे फासे येतात. आत्ता, याच पात्रावर घालणार असाल तरच नीड. शंका असेल तर आधी विचारा. एकदा 'चोर' म्हणून नाव झालं की त्या सर्व्हरवर ते नावाबरोबर फिरतं.

डन्जनमध्ये दोनदा-तीनदा भेटलेली बरी माणसं लक्षात ठेवा, तीच पुढे गिल्डपर्यंत नेतात. आणि गिल्ड निवडताना मी केलेली चूक करू नका. क्लासिकमध्ये फिअर वॉर्ड हा भीती रोखणारा मंत्र फक्त ड्वार्फ प्रीस्टला मिळतो, आणि मोल्टन कोअर या मोठ्या डन्जनमधला दोन तोंडांचा कुत्रा मॅगमॅडार अख्ख्या रेडला, म्हणजे तिथं चढाई करणाऱ्या मोठ्या टोळीला, भीती घालून इकडेतिकडे पळवतो. त्यामुळे ४० जणांच्या एका रेड गिल्डनं मला अगदी पायघड्या घालून घेतलं. मी हुरळले. त्यांना मी नको होते, माझा फिअर वॉर्ड हवा होता, हे कळायला सहा आठवडे गेले. सहा आठवडे मी एका वस्तूची वाट बघत होते: प्रीस्टच्या प्रसिद्ध काठीसाठी लागणारा डोळा. अखेर तो पडला, आणि गिल्डप्रमुखानं तो आठवड्यापूर्वी आलेल्या आपल्या दोस्ताला दिला. मी विचारलं तर उत्तर आलं, "कौन्सिलचा निर्णय." कौन्सिलमध्ये ते दोघेच होते.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. लूट कशी वाटता, आणि ते कुठे लिहिलं आहे का? एव्हरक्वेस्ट या जुन्या एमएमओच्या काळापासून हजेरीवर गुण देण्याची डीकेपी पद्धत चालत आली आहे, तिच्यातही भानगडी होतात, पण निदान आकडा सगळ्यांना दिसतो. दुसरं, एखाद्या रेडला आले नाही तर काय होतं? उत्तरात 'दंड', 'समज', 'यादी' असले शब्द आले तर आभार मानून निघा. तिसरं विचारायचं नाही, बघायचं. आठवडाभर गिल्ड चॅट वाचा. वाइप झाल्यावर लोक एकमेकांना काय म्हणतात तेवढं पुरतं. माझ्या दुसऱ्या गिल्डमध्ये वाइप झाली की एक जण त्याच्या मांजरीवर आळ घ्यायचा. तिथं मी राहिले.

रिचर्ड बार्टलनं १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉच्या जोडीनं पहिला मड बनवला, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या मजकुराचा खेळ, एमएमओंचा पूर्वज. त्याच बार्टलनं १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला मारणारे. आपण कुठल्या खणात बसतो हे एका महिन्यात कळतं, आणि गिल्ड त्याच खणातली हवी. मिळवणाऱ्यांच्या गिल्डमध्ये गप्पिष्ट माणूस म्हणजे दोघांनाही शिक्षा.

पैशांचं सरळ आहे. पहिल्याच दिवशी ऑथेंटिकेटर, म्हणजे खात्यात शिरताना पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा मागणारं कुलूप, लावा. सोनं दुप्पट करून देतो म्हणणारा, तुमचं चिलखत 'सजवून' देतो म्हणणारा, दोघेही ते घेऊन पसार होतात, रूनस्केपपासून हीच जुनी जादू आहे. बाहेरून सोनं विकत घेऊ नका, खातं जातं. आणि ज्या खेळात पिशवीतल्या जागेपासून पात्राच्या वेगापर्यंत सगळं दुकानात टांगलेलं असतं, तिथं महिनाभर पाकीट बंद ठेवून बघा. एका खेळात मी हे केलं तेव्हा माझं पात्र इतकं हळू चालायचं की कोंबड्या पुढे जायच्या. काढून टाकला.

रोजच्या कामांची यादी, ज्यांना डेलीज म्हणतात, पहिल्या महिन्यात हातच लावू नका. त्या खेळायला बोलावत नाहीत, कामावर बोलावतात.

आणि खेळ बंद करताना पात्र वाटेत सोडू नका, इनमध्ये, म्हणजे खेळातल्या धर्मशाळेत, नेऊन बंद करा. वॉरक्राफ्टमध्ये इनमधल्या दर ८ तासांमागे पुढच्या लेव्हलच्या ५ टक्के इतका 'रेस्टेड' साठा जमतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलचा, आणि तो संपेपर्यंत शत्रू मारल्याचा अनुभव दुप्पट मिळतो. बीटामध्ये, म्हणजे खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीत, हे उलट्या बाजूनं मांडलं होतं: फार वेळ खेळलात की अनुभव निम्मा. लोक चिडले. मग तेच आकडे फिरवून निम्म्याला 'नेहमीचा' म्हटलं आणि आधीच्याला बक्षीस, की सगळे खूश. इनच्या बाहेर तोच साठा चौपट हळू भरतो. भाच्याला हे दोनदा सांगून झालं. काल बघितलं, त्याचा प्रीस्ट पुन्हा नदीकाठी मगरींच्या मधोमध उभा करून पोरगा झोपायला गेलेला.