नाशिकहून सिंगापूर: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी घड्याळाचा घोळ मिटवा. आमच्या तिकिटावर जाताना मुंबईहून रात्री ११ आणि सिंगापूरला सकाळी ७, तर येताना तिथून संध्याकाळी ७ आणि मुंबईत रात्री १० असं छापलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "जाताना आठ तास अन् येताना तीनच? येताना घाटाचा उतार लागतो की काय?" तिकिटावरची वेळ ज्या त्या गावची असते आणि सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे. म्हणजे दोन्ही वेळेला साडेपाचच तास. सरळ हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. ताशी साडेआठशेने भागलं तर साडेचार तासांच्या थोडं वर येतं, पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, वारा हे सगळं धरून तिकिटावर जास्तच वेळ छापतात. तिथे न्यायला येणाऱ्याला तिथलीच वेळ कळवा.

नाशिकहून निघायची वेळ उलटी मोजा. ११चं विमान म्हणजे ८ला विमानतळावर हजर. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धी २०२५च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण पुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी कोणाला टळलेली नाही. आम्ही दुपारी अडीचला निघालो, लवकर पोहोचलो आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. तरी मी अडीचच सांगेन.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. व्हिसा एजंटकडून आधीच काढून घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

आता बॅग, म्हणजे खरं भांडण. लेकीसाठी घरचा मसाला न्यायचा असेल तर त्यात खसखस नाही ना, ते पाहा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे, त्यामुळे अनारसेही गेले. आमचे डबाभर अनारसे शेजारी वाटून झाले. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात देऊ नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवलंत तर तपासणीत काढून घेतील, ते नीट बांधून मोठ्या बॅगेत. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच. च्युइंगम घरी ठेवा, १९९२पासून तिथे त्याच्या विक्रीवर बंदी आहे आणि बाहेरून आणलेलंही चालत नाही. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच घ्या.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चिठ्ठीसकट हाताशी ठेवा आणि अडीच तासांच्या फरकाने कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्या.

सकाळी सातला उतरलो तेव्हा बाहेर नुकतंच उजाडत होतं. सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ काही बदललं नाही. नाशिकला फोन करायला बरं पडतं, म्हणाल्या.