अंतिम गुण पाठवण्यापूर्वी ऑनलाइन ग्रेडबुक कसे तपासावे

सत्र संपत आले की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातल्या पदवी महाविद्यालयांत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण यूयूसीएमएस या कर्नाटक राज्याच्या ऑनलाइन प्रणालीत भरण्याची घाई सुरू होते. ज्यांनी सत्रभर असाइनमेंट आणि क्विझ मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर घेतलेल्या असतात, त्यांना तिच्या ग्रेडबुकाच्या, म्हणजे गुणतक्त्याच्या, शेवटच्या रकान्यातली बेरीज जशीच्या तशी उतरवावीशी वाटते. परंतु मूडल त्याच्या सेटिंगमध्ये नोंदवलेला नियम पाळते आणि तो नियम आपण पहिल्या तासाला वर्गात सांगितलेल्या नियमाशी जुळतोच असे नाही. म्हणून मुदतीच्या किमान चार दिवस आधी तपासणीला बसावे आणि ती सुरू असताना, तपासणीत सापडलेल्या दुरुस्त्या सोडून, नवे गुण भरू नयेत.

सर्वांत आधी रिकाम्या सेलकडे पाहावे, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. ग्रेडबुकात आडवी रेघ दिसते, तेव्हा त्या विद्यार्थ्याने काम दिलेच नाही, की दिले आहे आणि आपण तपासायचे राहिले, की त्याला सूट दिलेली आहे, हे त्या रेघेवरून कळत नाही. ‘रिकामे गुण वगळा’ ही सेटिंग चालू असेल, तर मूडल त्या घटकाला हिशेबातून काढून टाकते. समजा असाइनमेंट १० गुणांची, क्विझ १० गुणांची आणि चाचणी २० गुणांची आहे, आणि एका विद्यार्थ्याला असाइनमेंटमध्ये ८ व चाचणीत १५ गुण मिळाले असून त्याने क्विझ दिलेली नाही. आपल्या नियमाने त्याचे ४० पैकी २३ गुण, म्हणजे ५७.५ टक्के होतात. रिकामा सेल वगळला गेला, तर तेच २३ गुण ३० पैकी मोजले जातात, टक्केवारी ७६.६७ दिसते आणि भारित सरासरीची पद्धत निवडलेली असल्यास एकूण गुण ४० पैकी ३०.६७ होतात. काम न दिलेल्या विद्यार्थ्याला असे जवळपास ८ गुण आयते मिळतात. यासाठी प्रत्येक रेघेमागचे कारण शोधावे, काम खरोखरच आलेले नसेल तिथे ० भरावे, तपासायचे राहिले असेल तिथे तपासून गुण द्यावेत, आणि सूट दिली असेल तरच तो सेल त्या विद्यार्थ्यापुरता हिशेबातून वगळावा.

मात्र हे शून्य कुठे भरले, यालाही महत्त्व आहे. थेट ग्रेडबुकात भरलेला आकडा मूडल ‘ओव्हरराइड’ मानते, त्या सेलला वेगळा रंग देते, आणि त्यानंतर मूळ असाइनमेंटमध्ये दिलेले गुण ग्रेडबुकात उतरत नाहीत. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. खानापूर तालुक्याच्या जंगलभागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या गावात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले होते. काम वेळेत आले नाही म्हणून मी ग्रेडबुकातच ० टाकले. पुढे तिला मुदतवाढ दिली, तिने काम पाठवले, मी असाइनमेंटच्या पानावर ८ गुणही दिले, पण बेरजेत ० तसेच राहिले आणि तेच गुण पुढे गेले. चूक माझी, आणि दुरुस्तीसाठी अर्ज व खुलासे होईपर्यंत काळजीत राहिली ती मुलगी. तेव्हापासून मी प्रत्येक रंगीत सेल उघडून पाहते, मूळ असाइनमेंटमधल्या गुणांशी ताडते आणि कारण उरले नसेल तर ओव्हरराइडची खूण काढते. नवे शून्य भरायचे झाल्यास ते असाइनमेंटच्या पानावरूनच भरते.

क्विझच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. दीर्घोत्तरी प्रश्न हाताने तपासावे लागतात आणि तसा एक प्रश्न राहिला तरी त्या प्रयत्नाचे अंतिम गुण लागत नाहीत. तसेच एकाहून अधिक प्रयत्नांना परवानगी असल्यास सर्वाधिक, सरासरी, पहिला की शेवटचा प्रयत्न धरायचा, हे वर्गात सांगितल्याप्रमाणेच निवडलेले असावे. सराव क्विझ बेरजेत शिरलेली नाही, हेही पाहून घ्यावे.

यानंतर पाच विद्यार्थी निवडून त्यांची बेरीज कागदावर करावी: एक सर्वाधिक गुणांचा, एक उत्तीर्णतेच्या सीमेवरचा, एक उशिरा प्रवेश घेतलेला, एक सूट मिळालेला आणि एक ज्याचे काम राहिले आहे असा. सीमेवरच्या विद्यार्थ्यासाठी दशांश पूर्ण दाखवून पाहावेत, कारण दशांश किती दाखवायचे ही निव्वळ दिसण्याची बाब आहे. पडद्यावर ४० टक्के दिसले तरी आत ३९.६ असू शकतात. अपूर्णांक वर न्यायचा की नाही, हे महाविद्यालयाच्या नियमाने ठरवावे आणि ते सर्वांना सारखे लागू करावे.

आकडे एक्सेलमध्ये उतरवताना नावावर विसंबू नये, रजिस्टर नंबर धरावा. आपल्या वर्गांत पाटील आडनावाचे चार-पाच विद्यार्थी सहज असतात; शिवाय एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर नाव आद्याक्षरांसह असते, तर मूडलवर मराठी रीतीने वडिलांचे नाव आणि आडनाव असते. ‘ज्योती’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी टी असतो, दुसऱ्या ठिकाणी टी-एच. रजिस्टर नंबरचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठेवावा, नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्ये गाळते. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडावा; एकच रकाना निवडून क्रम लावला तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात आणि बेरीज बरोबर दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही.

मग दोन दिवस विद्यार्थ्यांना स्वतःचे गुण पाहू द्यावेत. त्याआधी मूडलवर विद्यार्थ्याला दिसणारा अहवाल स्वतः उघडून कोणताही घटक लपलेला नाही याची खात्री करावी. वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांतून आलेली मुले असतात, म्हणून हरकत कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे द्यायची, ही सूचना दोन्ही भाषांत लावावी. संपूर्ण यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. एखाद्याचे कमी गुण साऱ्या वर्गापुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हरकती निकाली निघाल्या की ग्रेडबुक पुन्हा उतरवून घ्यावे, फाइलच्या नावात तारीख घालावी आणि मूडलमधले गुण लॉक करावेत. यूयूसीएमएसमध्ये भरताना एका सहकाऱ्याने रजिस्टर नंबर व गुण मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावेत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला त्यासाठी फार तर अर्धा तास लागतो. भरून झालेल्या यादीची छापील प्रत दोघांच्या सह्यांसह विभागाच्या फाइलमध्ये लावावी आणि मगच अंतिम सादरीकरणाचे बटण दाबावे.