ज्येष्ठांचं घरातलं पडणं कसं टाळावं

‘वय झालं की माणूस पडायचाच’, असं आपण सहज म्हणून जातो. पण पडण्यामागे बहुधा दोन-तीन साधी कारणं एकत्र आलेली असतात: मांड्यांतली ताकद गेलेली, झोपेची गोळी घेतलेली, त्यात ओलं पायपुसणं. यातलं एक कारण दूर केलं तरी धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त असतात.

१. आधी विचारा, आणि धाक दाखवू नका

‘पडलात का?’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. खरं सांगितलं तर देवळात जाणं, बाजारहाट सगळं बंद होईल, ही भीती असते. त्यापेक्षा ‘आई, मध्ये कधी तोल गेला होता का? कुठे धरावं लागलं?’ असं विचारा. फिरणं बंद करणार नाही, हेही सांगा आणि ते पाळा.

२. रात्रीची वाट तपासा

रात्री दिवे मालवून त्यांच्यासोबत पलंगापासून संडासापर्यंत चालून बघा. मोबाईलच्या चार्जरची वायर, सतरंजीची दुमडलेली कड, पटकन न दिसणारा उंबरठा, सगळं तेव्हाच ध्यानात येतं. वाट मोकळी करा, उंबरठ्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी चिकटवा. दिव्याचं बटण झोपल्या जागी हाताला लागलं पाहिजे; माणूस हलला की आपोआप लागणारा छोटा दिवा बसवला तर उत्तमच. पलंगावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का, तेही पाहा. साडी, गाऊन किंवा लुंगी पायात येत असेल तर घोट्याच्या वर घ्यायला सांगा.

३. न्हाणीघरावर सर्वांत जास्त लक्ष द्या

खर्च एकाच ठिकाणी करता येणार असेल तर तो इथे करा. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी आधाराचे दांडे भिंतीत स्क्रूने पक्के बसवून घ्या. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेल्यावर हात नेमका तिथेच जातो. नुसते चिकटवायचे दांडेही भरवशाचे नसतात. बसायला हलकं प्लास्टिकचं स्टूल नको. पायांना रबर लावलेलं जड स्टूल घ्या. पाटावरून उठताना गुडघ्यांना फार त्रास होतो. साबणाचा बुळबुळीतपणा रोज घासून काढा. आतून कडी न लावण्याची सवय सगळ्या घरानेच लावून घ्यावी. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तळपायांना तेल लावू नका. तो हट्ट मोडावाच लागेल.

४. चक्कर आणि औषधं

झोपेतून उठल्यावर आधी काठावर बसायचं, थोडे पाय हलवायचे, मग उभं राहायचं. घरी यंत्र असेल तर रक्तदाब झोपून मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा, सगळं एका पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवा. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबवू नका.

५. पायांत ताकद आणा

‘बसून राहा, पडाल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्यानेच पाय आणखी लुळे पडतात. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून शक्यतो हात न लावता उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, हे दोन व्यायाम कुणीतरी जवळ उभं राहून रोज करून घ्या. प्रगती पाहायची असेल तर खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या.

६. सोसायटी आणि गल्ली

जिन्याचा कठडा शेवटच्या पायरीपर्यंत हवा आणि जिन्यात दिवा हवा. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ दर आठवड्याला खरवडून काढा. ज्येष्ठ नागरिक संघाने हे विषय सोसायटीच्या सभेत लेखी मांडावेत.

७. तरीही पडलेच तर

घाईने बगलेत हात घालून उचलू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं; हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून सगळं ठीक दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. काहीच दुखत नसेल तर कुशीवर वळवा, मग गुडघ्यांवर येऊ द्या, समोर पक्की खुर्ची ठेवा आणि तिच्या आधाराने त्यांना सावकाश उठू द्या.