गिटार प्रोसेसरसाठी फुल-रेंज स्पीकर घेताय? या चुका टाळा

हेडफोनवर झकास वाजणारा पॅच (प्रोसेसरमध्ये जुळवून ठेवलेला आवाज) स्पीकरला जोडला की किरकिरतो किंवा नुसता घुमतो, आणि खापर फुटतं स्पीकरवर. मग तो विकायचा, दुसरा आणायचा, आठवडाभरात पुन्हा तीच रड. बहुतेक वेळा दोष स्पीकरच्या बाहेर असतो. कॅबिनेटचं (गिटार स्पीकरच्या खोक्याचं) सिम्युलेशन, म्हणजे डिजिटल नक्कल, साखळीत दोनदा आलेलं असतं किंवा एकदाही नसतं, लेव्हल जुळलेली नसते, नाहीतर स्पीकर वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी वाजत असतो. खरेदीतल्या आणि जोडणीतल्या चुका एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून इथे त्या एकत्रच घेतल्या आहेत.

ॲम्पचा आवाज मिळेल असं धरून चालणं

फुल-रेंज, फ्लॅट-रिस्पॉन्स, म्हणजेच एफआरएफआर स्पीकरचं काम एकच: प्रोसेसरने जे पाठवलं ते शक्य तितकं जसंच्या तसं वाजवणं. आणि प्रोसेसर पाठवतो तो माइक लावलेल्या कॅबिनेटचा आवाज. आयआरमध्ये (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाचा टिपून ठेवलेला डिजिटल ठसा) कॅबिनेट येतं, त्यासमोरचा माइक येतो, माइक स्पीकरच्या कोनच्या (शंकूच्या) मधोमध होता की कडेला, तेही येतं. त्यामुळे ऐकू येते ती रेकॉर्डिंगमधली गिटार. मागे ठेवलेल्या ४×१२ (बारा इंची चार स्पीकरच्या) कॅबिनेटचा पाठीवर बसणारा धक्का यात मिळत नाही, कितीही महागडा स्पीकर घेतला तरी. तोच धक्का हवा असेल तर पॉवर ॲम्प आणि खरं गिटार कॅबिनेट घ्या आणि प्रोसेसरमधला कॅब ब्लॉक बंद ठेवा. हे आधी ठरवलं नाही तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

या दोन टोकांच्या मधलीही काही उपकरणं आहेत. लाइन ६ च्या पॉवरकॅबमध्ये फ्लॅट मोड आहे, शिवाय गिटार स्पीकरची नक्कल करणारे मोडही आहेत. केम्परचा ‘कोन’ (Kone) हा स्पीकर केम्परच्याच प्रोफायलर या प्रोसेसरसोबत वापरण्यासाठी सेलेशन या स्पीकर कंपनीकडून करून घेतलेला आहे. वेगवेगळ्या गिटार स्पीकरचे ठसे प्रोफायलरमधून निवडायचे असतात. तो दुसऱ्या प्रोसेसरला जोडून ‘फ्लॅट’ म्हणून वापरायला गेलात तर निराशा ठरलेली.

कॅब सिम्युलेशन दोनदा, किंवा एकदाही नाही

तक्रारींपैकी सर्वांत मोठा वाटा याच चुकीचा, आणि दुरुस्ती मात्र दोन मिनिटांची. गिटार स्पीकर साधारण ७० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ एवढाच पट्टा वाजवतो. सेलेशन व्हिन्टेज ३० च्या माहितीपत्रकातही हेच आकडे आहेत. डिस्टॉर्शनमधली वरची खरखर तो आपोआप गाळतो. फुल-रेंज स्पीकरला हॉर्न (वरचे सूर फेकणारा भोंगा) असतो आणि तो १५ किलोहर्ट्झच्याही वर जातो. म्हणून आयआर बंद असेल तर ती सगळी खरखर कानात शिरते, माशी भुणभुणल्यासारखी.

उलट बाजूने आयआर चालू ठेवून सिग्नल गिटार कॅबिनेटला दिला, किंवा पॉवरकॅब स्पीकर मोडमध्ये असताना प्रोसेसरमधला आयआरही चालू राहिला, तर गाळणी दोनदा लागते. आवाज दबतो, शब्दशः विझतो. तेव्हा ट्रेबल वाढवत बसू नका. साखळीत कॅब नेमका एकदा आहे ना, हे आधी पाहा.

पॉवर ॲम्पच्या मॉडेलबद्दलही गोंधळ असतो. फुल-रेंज स्पीकरसाठी ते चालूच हवं. ते बंद करून नुसता प्रीॲम्प (टोन घडवणारा पहिला टप्पा) वापरायचा तो खऱ्या ट्यूब ॲम्पच्या एफएक्स रिटर्नमध्ये, म्हणजे थेट पॉवर ॲम्पकडे नेणाऱ्या मागच्या जॅकमध्ये, जाताना. आणि कोणत्याही ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये प्रोसेसर घातला की त्या ॲम्पचा प्रीॲम्प वरून आपला रंग चढवणारच.

एक जोडणी तर कधीच करू नका. ॲम्प हेडचा किंवा पॉवर्ड प्रोसेसरचा स्पीकर आउट पॉवर्ड (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरच्या इनपुटला लावायचा नाही. इनपुट सर्किट जळेल, आणि ट्यूब हेड असेल तर लोड न मिळाल्याने त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येईल.

वॉट पाहून निवड

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले २००० वॉट हे पीक असतात. सलग मिळणारी ताकद साधारण निम्मी, कधी त्याहूनही कमी. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे १००० आणि २००० मधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा स्टेजवर दिसत नाही.

‘माझा ५० वॉटचा ट्यूब ॲम्प या १००० वॉटवाल्याला खातो’ असं जे ऐकू येतं, त्यामागे साधं गणित आहे. व्हिन्टेज ३० ची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल; १ वॉट दिला की १ मीटरवर १०० डेसिबल. ५० वॉट दिले की ११७. पीए (कार्यक्रमातल्या ध्वनिव्यवस्थेच्या) स्पीकरमधल्या वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाची, सेन्सिटिव्हिटी ९५ असेल तर त्याच ११७ ला जवळपास १६० वॉट सलग लागतील. त्यात गिटार स्पीकर सगळी ताकद मधल्या पट्ट्यात ओततो, जिथे कान सर्वांत तीक्ष्ण असतो. फुल-रेंज स्पीकरची बरीच शक्ती खालच्या बेसवर खर्च होते.

मग पाहायचं काय? कमाल एसपीएल (आवाजाची पातळी) पाहा, पण तोही आकडा बहुधा पीकच असतो हे लक्षात ठेवून. खरी कसोटी अशी: ड्रमरसोबतच्या पातळीला लिमिटरचा (आवाज मर्यादेत रोखणाऱ्या सर्किटचा) लाल दिवा लुकलुकायला लागला तर तो स्पीकर त्या कामासाठी लहान आहे. घरी, किंवा गिटार मुख्य पीएतून जात असताना फक्त स्वतःला ऐकू यावी म्हणून, ८ इंची पुरतो. ड्रमसेटसमोर पीएच्या आधाराविना वाजवायचं असेल तर १० किंवा १२ इंचीखाली जाऊ नका. ५ इंची स्टुडिओ मॉनिटर तालमीच्या खोलीत नेणं म्हणजे वूफर फाडण्याची तयारी. मंडपात चालणारा ब्लूटूथ ट्रॉली स्पीकर मोठा वाजतो खरा, पण त्यात बेस फुगवलेला आणि आवाज दाबलेला असतो. पॅच बनवायला तो निरुपयोगी.

हॉर्न कुठे बघतोय, हे न पाहणं

स्पीकरची जागा ही किरकोळ बाब समजली जाते, आणि इथेही आवाज बराच बिघडतो.

दुपदरी (वूफर आणि हॉर्न असे दोन भाग असलेल्या) पीए स्पीकरचा हॉर्न बहुधा आडवा ९० आणि उभा ६० अंश एवढाच कोन झाकतो. स्पीकर जमिनीवर सरळ उभा ठेवला आणि तुम्ही मीटरभर अंतरावर उभे राहिलात तर हॉर्नचा झोत गुडघ्यावर पडतो. कानाला ऐकू येतं ते वूफरचं भरड. मग प्रेझेन्स वाढवला जातो, हाय कट (वरचे सूर गाळणारा फिल्टर) उघडला जातो आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान सोलून निघतात. स्पीकर मागे कलता ठेवा, मॉनिटरसारखा, म्हणजे हॉर्न थेट तोंडाकडे बघेल. नाहीतर ३५ मिलिमीटरच्या खांबावर कानाच्या उंचीला चढवा. गिटार कॅबिनेटसारखं रूप दिलेल्या काही मॉडेलना खांबाची खोबण नसते. घेण्याआधी तळ पाहून घ्या.

दुसरी अडचण क्रॉसओव्हरची. १० किंवा १२ इंची दुपदरी स्पीकरमध्ये वूफर साधारण २ किलोहर्ट्झच्या आसपास हॉर्नच्या हाती सूत्रं देतो. गिटारचा दंश नेमका त्याच भागात. हॉर्न आणि वूफर वेगवेगळ्या उंचीवर असल्याने कान वरखाली झाला की दोघांचे आवाज एकमेकांना खोडतात आणि त्या पट्ट्यात खड्डा पडतो. उभं राहून एक टोन, वाकून पेडल दाबताना दुसरा. कोएक्सियल स्पीकरमध्ये हॉर्न वूफरच्या मधोमध असतो, म्हणून हा त्रास बराच कमी. स्टेजवर मॉनिटर म्हणूनच वापरायचा असेल, तर वॉटऐवजी कोएक्सियलवर पैसे खर्च करणं शहाणपणाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भिंत आणि कोपरा बेस फुगवतात. घुमायला लागलं की आधी स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा, मग ईक्यूला (टोनच्या नियंत्रणांना) हात लावा.

घरच्या आवाजात बनवलेले पॅच

कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. म्हणून रात्री हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये दोन्ही टोकं आपसूक वाढवली जातात आणि ९५ डेसिबलला तोच पॅच गडगडतो, टोचतो. पॅच निदान ८५ ते ९० डेसिबलला तपासा. अंदाजापुरतं फोनवरचं मीटर चालेल.

सुरुवातीला लो कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट ६ ते ८ किलोहर्ट्झ ठेवा. खालची ई तार ८२ हर्ट्झवर आहे, त्याखाली पाम म्यूटचा धप्पाच असतो. सात तारांच्या गिटारची बी ६२ हर्ट्झला, तिथे कट थोडा खाली न्या. तरीही टोचत असेल तर कट आणखी न कापता आयआर बदला: माइक कोनच्या कडेकडे सरकलेला, किंवा एसएम ५७ माइकसोबत रिबन माइक मिसळलेला.

एका हॉलसाठी सगळे पॅच बदलू नका. लाइन ६ च्या हेलिक्सप्रमाणे अनेक प्रोसेसरमध्ये ग्लोबल ईक्यू असतं. ते फक्त स्टेज स्पीकरच्या आउटपुटला लावा. मास्टर व्हॉल्यूमही त्याच आउटपुटपुरता बांधा, म्हणजे स्टेजवर नॉब फिरवला तरी साउंडवाल्यांकडे एक्सएलआरने जाणारी लेव्हल हलणार नाही.

मागच्या पॅनेलवरची बटणं

स्पीकरचं स्वतःचं ईक्यू आधी शून्यावर आणा. यामाहाच्या डीएक्सआर आणि डीबीआरवर डी-कॉन्टूर, हेडरशच्या एफआरएफआर-१०८ वर कॉन्टूर: तयार ईक्यूची ही दोन्ही बटणं बंद. फेंडरच्या टोन मास्टर एफआर-१२ वर ईक्यू आणि हाय कट दिलेत. ते हॉलसाठी वापरा, पॅचची मलमपट्टी म्हणून नको.

सगळ्याच पॅचमध्ये, अगदी क्लीनमध्येही आवाज फाटत असेल तर इनपुट माइकवर आहे का ते बघा. लाइनवर घ्या. फार बारीक आणि हिस असेल तर प्रोसेसरचा आउटपुट इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर राहिला असेल.

एकच स्पीकर असेल तर केबल लेफ्ट/मोनो जॅकमध्ये लावा आणि पॅच मोनोत ऐका. स्टिरिओ कोरस मोनोत पातळ होतो. पिंग-पाँग डिलेचं डावीकडून उजवीकडे उड्या मारणं तर नाहीसंच होतं.

सलग घूं ऐकू आली तर ग्राउंड लूप असेल. बॅलन्स्ड केबल वापरा, ग्राउंड लिफ्ट दाबा, प्रोसेसर आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. यूएसबीने लॅपटॉप जोडल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकरवी स्पीकर मागवत असाल तर मागची पट्टी वाचायला सांगा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर प्रश्न नाही. फक्त १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर तो एका क्षणात जाईल. काही मॉडेलना आतमध्ये किंवा मागे व्होल्टेजचा स्विच असतो आणि फ्यूजही बदलावा लागतो.

दुकानात जाताना स्वतःचा प्रोसेसर, गिटार आणि केबल न्या. एक क्लीन, एक क्रंच, एक हाय-गेन पॅच आणि ओळखीचं एक रेकॉर्ड केलेलं गाणं. गाणं नीट वाजलं आणि पॅच नाही, तर दोष पॅचमध्ये. गाणंच घुमट किंवा चिरकं वाजलं, तर दुसरा स्पीकर मागा.