कूलरची वायर वाढवताय? जोड असा मारा

उन्हाळा लागला की मराठवाड्यात घरोघरी कूलर खिडकीत बसतो आणि वायर नेमकी दोन हात कमी पडते. मग पिळा, टेप मारा, झालं काम. लातूरकडच्या आमच्या गावी पत्र्याखालचा असाच एक जोड मी उघडला होता. टेपचा डिंक पाघळलेला, आतलं तांबं काळंठिक्कर.

टेप म्हणजे नुसतं पांघरूण. खरी पकड तारेला तारेची लागते. जोड ढिला असला की तिथे करंटला होणारा अडथळा, म्हणजे रोध, वाढतो. मोठ्या लोडचं उदाहरण घ्या: 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपियर ओढतो. जोडात अर्धा ओम जरी रोध असला तरी तिथे 38 वॅटची उष्णता निघते. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवतं, यावरून समजा.

आधी चालू प्लगवर टेस्टर पेटतो का ते बघा, मग मेन पाडा. घरात इन्व्हर्टर असला तर तोही बंद करा. मेन पाडला तरी त्याच्या लाइनीत करंट राहतो. मग जोडायच्या तारांना पुन्हा टेस्टर लावा.

नवी वायर जुन्याच जाडीची किंवा जास्त जाड घ्या. जुन्या घरातली ॲल्युमिनियमची तार तांब्याशी नुसती पिळू नका, तो जोड हमखास खराब होतो.

पितळी स्क्रूचा कनेक्टर आणा. वायरचं टोक साधारण एक सेंटिमीटर सोला. ब्लेडने तारेचा एकही केस, म्हणजे आतली बारीक तार, तुटू देऊ नका. तुटलाच तर टोक कापून पुन्हा सोला. केस एकत्र पिळून कनेक्टरमध्ये पूर्ण आत घाला आणि स्क्रू आवळा. उघडी तार बाहेर दिसता कामा नये. आता वायर जोरात ओढून बघा. निसटली तर परत आवळा. घाईत हेच राहून जातं.

फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल, हिरवीला (अर्थिंगच्या तारेला) हिरवी. कूलर पत्र्याचा आणि आत पाणी, म्हणून हिरवी तार सोडून देणं म्हणजे जिवाशी खेळ.

जोड जंक्शन बॉक्समध्येच ठेवा, पाणी उडणार नाही इतका उंच. भिंतीतल्या पाइपात जोड कधीच नको, तिथे तो बिघडला तरी दिसत नाही.

कूलर अर्धा तास चालवा, मग मेन पाडून बॉक्सला हात लावा. गरम लागला तर जोड उघडून पुन्हा मारा.