लाकडी फरशी: स्वतः बसवावी की मिस्त्रीला बोलवावं?

अख्ख्या सागाच्या फळ्या बसवायच्या असतील, तर थेट चांगला सुतार गाठा. त्या खिळ्यांनी किंवा गोंदाने पक्क्या करायच्या, मग मशीनने घासून पॉलिश करायच्या. घासताना मशीन एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी खळगा पडतो आणि तो उजेडात रोज दिसतो. लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, वर लाकडासारखी छपाई असलेल्या फळ्यांचं तसं नाही. एकमेकींत अडकणाऱ्या ८ मिलिमीटरच्या फळ्या जुन्या लादीवर, काही न फोडता बसतात. १० बाय १२ ची बेडरूम दोघांनी मिळून शनिवार-रविवारात होते.

खरेदीच्या आधी दार उघडून बघा. फळी ८ आणि खालचा फोम २, म्हणजे जमीन १० मिलिमीटर वर येणार. दाराखाली तेवढी जागा नसेल तर दार उतरवून खालून तासावं लागेल. हे बहुतेकांना फरशी झाल्यावर कळतं.

मग दोन मीटरची सरळ पट्टी लादीवर सगळीकडे फिरवा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन समतल करून घ्या, आणि ते काम गवंड्याचं. बाथरूमलगतच्या भिंतीचे पोपडे निघत असतील तर आधी गळती काढा. ओलीवर फळ्या फुगणारच.

माल १२० चौरस फुटांना १३२ तरी आणा. कापाकापीत तेवढा जातो. खोके न फोडता त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवा. शक्यतो भर पावसाळा टाळा. तेव्हा फळ्या दमट हवेने आधीच फुगलेल्या असतात, उन्हाळ्यात आक्रसल्या की सांधे उघडतात.

आता प्लास्टिकचा कागद, त्यावर फोम, मग पहिली रांग. भिंतीशी १० मिलिमीटरच्या पाचरी लावा. त्यांनी राहणारी फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली झाकली जाते, पण ती ठेवलीच नाही तर फरशी मधोमध उचलते. शेवटची रांग ५ सेंटीमीटरपेक्षा अरुंद उरेल का, ते आधीच मोजा; उरणार असेल तर पहिलीच रांग उभी चिरून घ्या. शेजारच्या रांगांचे जोड निदान ३० सेंटीमीटरने पुढेमागे हवेत. फळीवर थेट हातोडा मारू नका, मध्ये लाकडी ठोकळा धरा.

खरी परीक्षा दाराच्या चौकटीपाशी. फोमवर फळीचा तुकडा ठेवून त्यावर करवत आडवी धरा, लाकडी चौकट खालून तेवढ्याच उंचीपर्यंत कापा आणि फळी तिच्याखाली सरकवा. चौकट ग्रॅनाइटची असेल तर फळीच तिच्या आकाराने कापायची, तिथेही फट सोडून. ती नंतर सीलंटने भरा. अशी दोन-तीन दारं असतील तर मी मिस्त्रीलाच बोलवेन.

जड, भिंतीत बसवलेलं कपाट या फरशीवर उभं करू नका. फरशी त्याच्या कडेपर्यंतच घ्या.

मिस्त्री चौरस फुटाचा दर सांगेल. त्यात फोम, स्कर्टिंग, दाराजवळची पट्टी आणि दार तासणं धरलंय का, ते कागदावर लिहून घ्या.